गाठ सुटेपर्यंत

१९७९ च्या जूनमध्ये मी पाचवीत गेलो. गावातली शाळा चौथीपर्यंतच होती, पुढं शिकायचं तर कराड गाठावं लागायचं. पाटणहून सकाळी सुटणारी एसटी आमच्या फाट्यावर थांबायची. पहिल्या दिवशी वडील सोबत आले, त्यांनी शाळेत नाव घातलं. दुसऱ्या दिवसापासून मी एकटा. पास हातात पडायला आठ-दहा दिवस लागणार होते. शाळेचा दाखला, फोटो, डेपोतला शिक्का, सगळं व्हायचं होतं. तोवर रोज तिकीट. म्हणजे रोज सकाळी भरल्या गाडीत कंडक्टरला सांगायचं, "कराड, एक हाफ."

आणि मला 'क' उच्चारता यायचा नाही.

मी बोलताना अडखळायचो. सगळ्या अक्षरांवर नाही, पण क, ट, प या अक्षरांवर हमखास. घसा आवळला जायचा, मान ताठ व्हायची, डोळे आपोआप मिटायचे. ज्यानं हे सोसलेलं नाही त्याला वाटतं, याला शब्द आठवत नाही. शब्द आठवत असतो. तो उंबऱ्यावर येऊन उभा असतो आणि दार उघडत नाही. समोरच्या माणसाचा चेहरा बदलायला लागला की घसा आणखी आवळतो. दहा वर्षांच्या पोराला तेवढ्या दोन-तीन सेकंदांत सगळ्या गावाची नजर अंगावर आल्यासारखी वाटते.

ती सकाळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पाऊस लागला होता, खिडक्यांच्या काचा ओढलेल्या होत्या, गाडीत ओल्या घोंगड्यांचा वास भरला होता. कंडक्टर माझ्यापाशी आले. खाकी कपडे, छातीवर बिल्ला, खांद्याला पैशांची कातडी पिशवी, एका हातात तिकिटांची पेटी, दुसऱ्या हातात चिमटा. "कुठं रं बाळ?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडलं. 'क'वर अडकलो. मागच्या शिटावरून कॉलेजच्या एका पोरानं आवाज टाकला, "गाडी स्टार्ट होईना, धक्का मारा!"

सगळी गाडी हसली.

कंडक्टरांनी नुसती मान वळवली. आवाज चढवला नाही. "धक्का मारायचा तर खाली उतरावं लागतं, पाव्हणं. उतरा. तुम्ही उतरला की मी डबल बेल देतो."

एक बेल म्हणजे थांबा आणि डबल बेल म्हणजे निघा, हे एसटीनं जाणाऱ्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गाडी दुप्पट हसली आणि ते हसू माझ्यावरून उठून मागच्या शिटावर गेलं. कंडक्टर पुन्हा माझ्याकडं वळले आणि थांबले. त्यांनी चिमटा वाजवला नाही, घड्याळ बघितलं नाही, माझ्या तोंडाकडं टक लावूनही बघितलं नाही. पेटीतल्या तिकिटांच्या कडा अंगठ्यानं सारख्या करत उभे राहिले. मी कुठं निघालोय हे त्यांना कळलं होतंच. गाडीच कराडची होती, माझ्या पाठीला नवं दप्तर होतं. तरी तो शब्द त्यांनी माझ्या तोंडातून काढून घेतला नाही. तो आला तेव्हा एवढंच म्हणाले, "कराड, हाफ," आणि तिकिटाला भोक पाडून माझ्या हातात दिलं.

कराडच्या स्टँडवर तो कॉलेजचा पोरगा मान खाली घालून उतरायला लागला. कंडक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "राग धरू नका. तोंड हुशार हाय तुमचं. चांगल्या कामाला लावा." पुढं वर्षभर गर्दीत माझं दप्तर मांडीवर घ्यायचा तो हाच पोरगा.

त्या कंडक्टरांना त्या रस्त्यावर सगळे तात्या म्हणत. मीही म्हणू लागलो. पाचवी ते दहावी अशी सहा वर्षं मी त्यांच्या गाडीनं गेलो-आलो. आज मी जो काही बोलतो, त्यातलं पुष्कळसं त्यांचं देणं आहे.

हजरजबाबी माणूस म्हणून तात्यांचं नाव होतं. मुक्कामी गाडी घेऊन ते ज्या गावात जात तिथं रात्री पारावर माणसं त्यांची वाट बघत. पण त्यांचं बोलणं ऐकायची खरी जागा म्हणजे चालती गाडी. भरल्या गाडीत माणसं दाराशीच दाटी करून उभी राहत. इतर कंडक्टर ओरडून थकत. तात्या म्हणायचे, "पुढं सरका मंडळी. पुढं गेलेला माणूस लवकर पोचत न्हाई, पण मागं ऱ्हायलेला घरी पोचतो." माणसं हसत हसत सरकायची आणि फाट्यावर भिजत उभ्या असलेल्या चार जणांना आत जागा व्हायची.

एकदा सुपन्याला एक बाई चढली, सोबत मुलगा. पाच वर्षांखालच्या पोराला तिकीट नसतं. ती म्हणाली, "चार वर्षांचा हाय." मुलगा मान वर करून म्हणाला, "मी दुसरीत हाय." गाडीत खसखस पिकली. बाईचा चेहरा पडला. तिच्या पायात चप्पल नव्हती, हे मी पाहिलं होतं. ते तात्यांनी माझ्याआधी पाहिलं असणार. ते म्हणाले, "चौथ्या वर्षी दुसरीत! पोरगं कलेक्टर हुतंय बघा, माउली. असल्या पोराचं हाफ तिकीट काढून जपून ठेवा. मोठेपणी कुणी विचारलं, तर म्हणंल, मी लहानपणीसुद्धा फुकट फिरलो न्हाई." बाई हसली आणि पदराची गाठ सोडून तिनं पैसे दिले. एसटीचे पैसे एसटीला मिळाले, बाईची अब्रू बाईपाशी राहिली आणि पोरगं खिडकीतून असं बाहेर बघत बसलं, जणू आजच कलेक्टर झालंय.

त्या वयात मला वाटायचं, तात्यांची जीभ चपळ आहे. पुढं कळलं की चपळ त्यांची नजर होती. गाडीत चढणाऱ्या माणसाला ते पायांपासून वर बघत. चप्पल, धोतराचा काठ, हातातली पिशवी, डोळे. कोण बाजाराला निघालाय, कोण दवाखान्याला, कोण कोर्टाच्या तारखेला, हे त्यांना तिकीट मागण्याआधी कळे. दवाखान्याच्या माणसाशी ते हळू बोलत. कोर्टाच्या माणसाला काही विचारत नसत. लग्नाच्या वऱ्हाडाची मात्र त्यांनी मल्हारपेठ येईपर्यंत भंबेरी उडवलेली असे. मग स्मरण. कुणाची म्हैस कधी व्यायली, कुणाच्या मुलीला कुठं दिलंय, सगळं त्यांच्या डोक्यात असे. विनोदाला लागणारा दारूगोळा असा माणसांच्या माहितीतून येतो. तो पुस्तकातून आयता मिळत नाही.

तिसरी गोष्ट त्यांची मर्यादा. आमच्या रस्त्याला खड्डे फार. गाडी जोरात आदळली की कुणीतरी हमखास म्हणायचं, "भूकंप झाला!" आणि चार माणसं हसायची. तात्या त्यावर एकदाही हसले नाहीत. त्या गाडीत कोयनेच्या खोऱ्यातली माणसं असत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ज्यांच्या अंगावर घरं कोसळली, ज्यांनी ढिगाऱ्यातून आपली माणसं उपसली, ती माणसं. मी त्यानंतर जन्मलो, मला ते ठाऊक नव्हतं. एकदा कुणी तसं म्हणालं, तेव्हा पुढच्या शिटावरच्या एका म्हातारीनं दांडा घट्ट धरला आणि डोळे मिटले. तात्यांनी ते पाहिलं आणि लगेच ड्रायव्हरला हाक मारून पुढच्या थांब्याची काही तरी चौकशी काढली. गाडीतलं बोलणं दुसरीकडं वळलं. मी मात्र म्हातारीचा दांडा धरलेला हात बघत राहिलो. कुठं बोलायचं नाही हे ज्याला कळतं, त्याच्याच बोलण्याला वजन येतं, हा धडा मला त्या हातानं दिला.

सहावीत असताना संध्याकाळच्या गाडीत त्यांनी मला स्वतःच्या शिटाशेजारी उभं करायला सुरुवात केली. म्हणाले, "माझा घसा बसलाय. थांबे पुकारायला मदत कर." थांबा जवळ आला की आम्ही दोघं एकदम ओरडायचो. "सुपने!" "विहे!" "मल्हारपेठ!" "नवारस्ता!" त्यांच्या आवाजात माझा आवाज मिसळला की घशातली गाठ कुठं जायची कोण जाणे. शब्द पाण्यासारखा वाहायचा. 'पाटण'मधला 'प'सुद्धा. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी दचकून त्यांच्याकडं पाहिलं. ते वे-बिलात काहीतरी लिहीत होते, त्यांनी वर बघितलं नाही.

हे महिनोन्महिने चाललं. त्यांचा घसा काही बरा होईना. मग हळूहळू त्यांचा आवाज खाली येत गेला. मल्हारपेठला मी मोठ्यानं पुकारायचो आणि ते शेजारी पुटपुटायचे. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या एका संध्याकाळी, बाहेर अंधार पडलेला, मी "मल्हारपेठ!" म्हणून ओरडलो आणि लक्षात आलं की शेजारून आवाज आलेलाच नाही. तात्यांचे ओठ मिटलेले होते. त्यांनी दोरी ओढली, एक बेल दिली, गाडी थांबली. माझ्या शब्दावर गाडी थांबली होती. उतरणाऱ्या माणसांना त्याचं काही नव्हतं, पण मी घरी पोचेपर्यंत तो शब्द मनात घोळवत राहिलो.

कितीतरी वर्षांनी मी वाचलं की अडखळणारी बहुतेक माणसं दुसऱ्याच्या बरोबरीनं एका सुरात बोलताना किंवा गाताना अडखळत नाहीत. वाचाउपचार करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. माणूस अडखळत असेल तर त्याचं वाक्य आपण पुरं करू नये, त्याला घाई करू नये, हेही ते आवर्जून सांगतात. तात्यांनी यातलं काही वाचलेलं नव्हतं. देवळातल्या आरतीत मी न अडखळता म्हणतो हे त्यांनी कधीतरी गावात मुक्कामाला असताना ऐकलं होतं. तेवढ्यावरून त्यांनी हा उपाय बांधला. ऐकलेलं वाया न घालवणं हा त्यांच्या स्वभावाचा भाग होता. लोक त्यांचं बोलणं आठवतात. मला त्यांचं ऐकणं आठवतं.

मी पुढं मराठीचा प्राध्यापक झालो. दरवर्षी वर्गात विनोदी साहित्य शिकवतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'सुदाम्याच्या पोह्यां'पासून सुरुवात करतो, गडकऱ्यांचा बाळकराम येतो, चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ येतात, अत्रे येतात आणि पु. ल. देशपांड्यांची 'म्हैस' आली की कोकणातली ती एसटी वर्गात शिरते. तमाशातल्या बतावणीवर मी जास्त वेळ घालवतो. गण आणि गवळणीनंतर येणारी ही बतावणी पाठांतरावर तगत नाही. समोर कोणता गाव बसलाय, त्या गावात आज काय घडलंय, हे सोंगाड्याला त्याच क्षणी पकडावं लागतं. पठ्ठे बापूराव ज्या रेठऱ्याचे, तो कृष्णाकाठ आमच्याकडचाच. बतावणीचा हा वारसा आमच्याकडच्या माणसांच्या रोजच्या बोलण्यात मुरलेला आहे, असं मला वाटतं. आणि कंडक्टरच्या नोकरीत तो मुरायला जागाही आहे. हिंदी पडद्यावर जॉनी वॉकर म्हणून गाजलेले बद्रुद्दीन काझी आधी मुंबईत बेस्टच्या बसवर कंडक्टर होते. तिकिटं देता देता ते प्रवाशांना हसवत. बलराज साहनींनी त्यांना हेरलं आणि गुरुदत्त यांच्या १९५१ च्या 'बाजी'मध्ये त्यांना काम मिळालं. मला याचं नवल वाटत नाही. पन्नास अनोळखी माणसं, सगळी घाईत, सगळी कुठल्या ना कुठल्या काळजीत, आणि त्यांना सांभाळून न्यायला हातात काठी नाही, फक्त शब्द. यापेक्षा मोठी शाळा कुठली?

वर्गात मुलं विचारतात, हजरजबाबी व्हायला काय लागतं? शब्दसाठा लागतो, वाचन लागतं, हे त्यांना ठाऊक असतं. मी फळ्यावर तो शब्द लिहितो आणि मधे फोड करतो. हजर. जबाब. आपण सगळे जबाबाकडं बघतो, कारण तो ऐकू येतो, त्याला हशा मिळतो. पण शब्दात आधी 'हजर' आहे. समोरच्या माणसापाशी पुरतं हजर असल्याशिवाय त्याला साजेसा जबाब सुचत नाही. आपल्याच कौतुकात असलेल्या माणसाला जे सुचतं ती टवाळी. समर्थांनी दासबोधात विनोदाची आवड टवाळांच्या पदरात घातली, ती अशा विनोदाबद्दल घातली असं मी मानतो. त्या सकाळी मागच्या शिटावरून आलेला आवाज आणि तात्यांचा आवाज, दोन्ही चपळ होते, दोन्हींवर गाडी हसली. पण पहिल्याला मी दिसलोच नव्हतो, फक्त माझं अडखळणं दिसलं होतं. तात्यांना मी दिसलो होतो. इतकंच नाही, पुढच्या क्षणी त्यांना तो पोरगाही दिसला आणि कराडला त्याच्या खांद्यावर हात गेला.

प्राध्यापकाची नोकरी लागली त्या वर्षी मी पेढे घेऊन तात्यांकडं गेलो. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. मी मुलाखत कशी झाली ते सांगत होतो आणि सांगता सांगता 'प्राचार्य' शब्दावर अडकलो. अडखळणं माझं कधी पूर्ण गेलं नाही, आजही नाही. तात्या थांबले. शेंगा फोडणं मात्र चालूच ठेवलं, हात थांबला असता तर मला घाई वाटली असती. शब्द आला. मग मी त्यांना इतक्या वर्षांचा प्रश्न विचारला, "तात्या, तुम्ही एवढे बोलण्यात जलद. थांबायला कुठं शिकलात?"

ते म्हणाले, "गाडीतच. म्हाताऱ्या बायका पैसे कुठं ठेवतात? पदराच्या गाठीत. घरनं निघताना चांगली घट्ट मारलेली असती. तिकिटाला गेलं की ती गाठ सोडायला बसायच्या. बोटं थरथरायची, नखं झिजलेली. नवा हुतो तवा मला धीर नसायचा. एकदा घाईत म्हटलं, द्या इकडं, मी सोडतो. आणि ओढलं. लुगडं जुनेर हुतं. फाटलं." त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "ती काय बोलली न्हाई. फाटका पदर हातात धरून बसली. त्या दिवसापासनं मी ठरवलं, ज्याची गाठ त्यानं सोडायची. आपण उभं ऱ्हायचं. तुझा शब्द बी तसाच हुता बाबा. गाठीत बांधलेला. पैसे तर हुतेच की तुझ्यापाशी."

मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी माझ्या हातावर मूठभर शेंगदाणे ठेवले.

तात्या गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. ऋणानुबंध म्हणताना आपण बंधाकडं बघतो आणि ऋण विसरतो. मला ते विसरता येत नाही. त्यांना परत काही देणं आता शक्य नाही आणि ते हयात असतानाही शक्य नव्हतं. त्यांनी मला वर्ग दिला, मुलं दिली, मराठी भाषा पोटाशी धरायचं धैर्य दिलं, त्याची परतफेड पेढ्यांनी होत नाही. एकच करता येतं. तोंडी परीक्षेत एखादी मुलगी अडली की मी खिडकीबाहेर न बघता, मनगटावर न बघता, समोरचे कागद सारखे करत थांबतो.

२०२३ च्या पावसाळ्यात गावी गेलो होतो. परतताना गाडी हातात न घेता मुद्दाम एसटीनं निघालो. फाटा तोच. कंडक्टर म्हणून पंचविशीतली एक मुलगी होती, हातात तिकिटाचं मशीन. माझ्या पुढच्या शिटावर एक खूप म्हातारी बाई बसली होती. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे आणि मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना निम्मं तिकीट. म्हातारीला पैसे द्यायचेच नव्हते, फक्त वयाचा पुरावा दाखवायचा होता. तिनं पदर पुढं घेतला. गाठीत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आधार कार्ड होतं. ती गाठ सोडू लागली.

गाडी खड्ड्यांतून हिंदकळत होती, बोटं घसरत होती. मागं अजून वीस-पंचवीस तिकिटं राहिली होती. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, पुढं चला की, म्हातारी दिसतीया की पंचाहत्तरची!" ती मुलगी वळून म्हणाली, "तुम्हाला दिसतीया. पण आजीला बायकांत आपलं वय सांगायची घाई नाही." म्हातारी बोळकं उघडून हसली. गाडी हसली. मुलगी दांड्याला पाठ टेकून उभी राहिली, मशीन छातीशी धरून, गाठ सुटेपर्यंत.

मग ती माझ्याकडं वळली. "कुठं, काका?"

मी तोंड उघडलं. इतक्या वर्षांनी 'क' पुन्हा उंबऱ्यावर येऊन उभा राहिला. मुलीनं मशीनवर बोट ठेवलं नाही. बाहेर पाऊस पडत होता. ती थांबली होती.

"कराड," मी म्हणालो. "एक."